दुसरा शनिवार ताईचा!

विशेष मुलांच्या आईबाबांना वीकेण्ड नसतो. पण तो त्यांना देता येतो. इंग्रजीत त्याला 'रेस्पाइट केअर' किंवा 'शॉर्ट ब्रेक' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी साधा, सुंदर शब्द आहे... विसावा.

नवं कालनिर्णय घरात आलं की तुम्ही सगळ्यात आधी काय बघता? खरं सांगा! राशिभविष्य नाही, पाककृती तर नाहीच नाही. लाँग वीकेण्ड किती, हेच बघता ना? कोणती सुट्टी शुक्रवारी आली, कोणती रविवारी येऊन फुकट गेली, कुठे एक रजा टाकली की सलग चार दिवस गोवा... हे गणित आपल्याला जानेवारीतच पाठ असतं. आठवडाभर टार्गेट, कॉल आणि ट्रॅफिक सहन करतो ते शुक्रवार संध्याकाळच्या भरवशावर.

आता अशा घराची कल्पना करा, जिथे शुक्रवार संध्याकाळ येतच नाही. तिथे कालनिर्णयावरच्या लाल तारखेचा अर्थ असतो, 'आज शाळा बंद, म्हणजे आज दिवसभर ड्यूटी'. मे महिना म्हणजे सुट्टी नाही, तर वर्षातला सगळ्यात कठीण महिना. आणि रात्रपाळी तर बारा महिने!

असं एक घर माझ्या ताईचं आहे. पुण्यात, पेठेतल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय.

भाचेबुवा आणि चोवीस किलो

आमचे भाचेबुवा नऊ वर्षांचे आहेत. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळातच मेंदूला इजा झाली, आणि त्यामुळे हालचालींवरचं नियंत्रण बिघडलं. बसायला आधार लागतो, चालता येत नाही, बोलता येत नाही. पण डोळ्यांनी ते अख्खं घर चालवतात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की खुदकन हसतात, मिक्सर सुरू झाला की घर डोक्यावर घेतात. रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट म्हणजे त्यांचं फेव्हरिट म्युझिक. वजन चोवीस किलो.

हे वजन लक्षात ठेवा. गोष्ट तिथेच आहे.

ताईचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्याला उचलून बाथरूममध्ये नेणं, आंघोळ, पायांचे व्यायाम, सकाळी आठ आणि रात्री आठला फिट्सचं औषध, मऊ कालवलेला वरणभात छोट्या चमच्याने भरवणं. एका जेवणाला पन्नास मिनिटं लागतात. घाई केली तर ठसका, आणि ठसका लागून घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाची भीती. रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलून द्यायची. मग शाळेसाठी तीन मजले खाली आणि तीन मजले वर. भावोजींची चाकणला शिफ्ट असते. ते घरी असतात तेव्हा सगळं करतात, पण असतात किती वेळ? ताई पूर्वी बँकेत होती. ती नोकरी तिने भाचा दीड वर्षाचा असताना सोडली.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या पोटात दुखायला लागलं. हर्निया. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, फार मोठं नाही. फक्त नंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही.

ताईने एकदा तारीख पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. मी चिडले तेव्हा शांतपणे म्हणाली, "अगं, ऑपरेशनला मी नाही म्हणतच नाहीये. याला कोण उचलणार तेवढं सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. उत्तर नसेल तर ते शोधायचं, एक्सेल शीट करायची, ही आमची खोड!

"कायमचं ठेवायचंय का?"

एक्सेल शीटमध्ये पंधरा-सोळा फोन नंबर जमले. पहिल्या काही फोनमध्येच चित्र स्पष्ट झालं. विशेष मुलांच्या शाळा होत्या, पण त्या संध्याकाळी आणि सुट्टीत बंद. डे केअर होते, पण रात्रीचं नाही. निवासी संस्थाही होत्या. तिथे पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "कायमचं ठेवायचंय का?"

नाही हो, कायमचं नाही! आम्हाला तो हवाय. फक्त दोन-तीन रात्री कुणीतरी नीट सांभाळायला हवाय, म्हणजे त्याच्या आईचं ऑपरेशन होईल आणि ती त्याला पुढची वीस वर्षं सांभाळू शकेल. पलीकडे शांतता. "तसं आम्ही करत नाही."

गंमत बघा. म्हणजे मुलाला सांभाळा तर चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस, एकट्याने. नाहीतर कायमचं सोडा. मधलं काही नाहीच! आपण साधा मोबाइल प्लॅन घेताना तीस पर्याय बघतो, आणि इथे दोनच.

हा प्रश्न एका ताईचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात अपंगत्व असलेल्या व्यक्ती २ कोटी ६८ लाख होत्या. त्यात ० ते १९ वयोगटातली मुलं सुमारे ७८ लाख ६४ हजार. प्रत्येकाला चोवीस तासांची मदत लागते असं नाही. पण ज्यांना लागते, त्यांच्या घरी ती मदत बहुतेक वेळा एकाच माणसाच्या पाठीच्या कण्यावर उभी असते. आणि त्या माणसाला आपण काय म्हणतो? "ग्रेट आहेस हं तू!" ग्रेट म्हटलं की आपली जबाबदारी संपली.

माहेरपण माहीत असलेल्यांना...

खरं तर विसाव्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सासरी राबणाऱ्या मुलीला चार दिवस माहेरी आणायचं, आयतं गरम जेवायला वाढायचं, दुपारी झोपू द्यायचं, याला आपण माहेरपण म्हणतो. माहेरी आलेल्या मुलीने सासर सोडलं, असं कुणी म्हणत नाही. आषाढीच्या पालखीचंच बघा. रात्रीचा मुक्काम वेगळा आणि वाटेतला विसावा वेगळा. पालखी विसाव्याला थांबते, म्हणजे वारी सोडते का? थांबते म्हणून तर पंढरपूरला पोचते.

ताईला मात्र नऊ वर्षांत माहेरपण मिळालेलं नाही. ती आईकडे येते तेव्हा भाचेबुवा, व्हीलचेअर, औषधांची पिशवी आणि मिक्सर असा लवाजमा सोबत असतो. म्हणजे फक्त ड्यूटीची जागा बदलते.

त्यात वर टोमणे. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "आईला कधी मुलाचा कंटाळा येतो का गं?" काकू, कंटाळा नाही हो. थकवा. कंटाळा मनाला येतो, थकवा मणक्याला येतो. प्रेमाने मणक्याची गादी सरकायची थांबत नाही.

ऑक्सफर्डमधलं एक घर, आणि एक नियम

शोधता शोधता मी इंग्लंडमध्ये जाऊन पोचले. म्हणजे गुगलवरून हो!

तिथली एक गोष्ट मला फार आवडली. १९७० च्या दशकाच्या शेवटी ऑक्सफर्डमध्ये नर्सिंग शिकलेली एक नन होती. एका छोट्या, खूप आजारी मुलीच्या आईवडिलांशी तिची मैत्री झाली. मुलगी हॉस्पिटलमधून घरी आली होती, आईवडील रात्रंदिवस तिचं करत होते. ननने विचारलं, मधूनमधून थोडे दिवस तिला मी सांभाळू का? मुलगी राहायची घरीच, पण मधेमधे ननकडे 'पाहुणी' जायची. या साध्या मैत्रीतून १९८२ साली एक घर उभं राहिलं. त्याला त्या मुलीचंच नाव दिलं, हेलन हाउस. जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिस म्हणून ते ओळखलं जातं. आणि त्याची सुरुवात औषधापासून नाही, तर 'दोन दिवस तुम्ही झोपा, मी बघते' या वाक्यापासून झाली.

पुढे इंग्लंडमध्ये ही नुसती दयेची गोष्ट राहिली नाही. १ एप्रिल २०११ पासून तिथे खास नियम लागू झाले. अपंग मुलांची काळजी घेणाऱ्यांना ब्रेक मिळावा म्हणून स्थानिक कौन्सिलने शक्य तितक्या चार प्रकारच्या सेवा द्यायच्या. दिवसा सांभाळणं, रात्री सांभाळणं, घराबाहेर मुलांसाठी खेळ आणि शिकण्याचे उपक्रम, आणि संध्याकाळी, वीकेण्डला, शाळेच्या सुट्टीत मदत. यातलं सांभाळणं मुलाच्या स्वतःच्या घरीही होऊ शकतं किंवा दुसरीकडेही. कोणती सेवा आहे, कुणाला मिळेल, हे कौन्सिलने लेखी जाहीर करायचं.

त्यातली एक ओळ मी ताईला मुद्दाम वाचून दाखवली. नियम सांगतो की ब्रेक मिळाला नाही तर ज्यांना काळजी घेणंच अशक्य होईल, फक्त त्यांचा विचार करू नका. ब्रेक मिळाला तर जे आणखी चांगली काळजी घेऊ शकतील, त्यांचाही करा. म्हणजे आई कोसळेपर्यंत थांबायचं नाही!

ताई म्हणाली, "म्हणजे मी बरी असतानाही मला सुट्टी मिळू शकते?" हो ताई, तोच तर फंडा आहे.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. कौन्सिलच्या बजेटला कात्री लागली की ब्रेक कमी होतात, ही तिथल्या पालकांची तक्रार आहेच. पण निदान तक्रार करायला कागद आहे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे काहीच नाही, असंही नाही बरं का. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या २८ व्या कलमात, गरिबीत राहणाऱ्या अपंग व्यक्तींना आणि त्यांच्या कुटुंबांना सरकारने जी मदत द्यायची, त्यात 'रेस्पाइट केअर' हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'केअर-गिव्हर' कोण याची व्याख्या आहे आणि त्यात आईवडील आणि घरचे लोकही येतात, पैसे घेणारे असोत वा नसोत. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी केअर-गिव्हर भत्त्याची तरतूदही त्यात आहे.

त्याआधी, १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट ही संस्था आली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी ती काम करते. २०१५ मध्ये तिने ज्या योजना आखल्या, त्यांत 'समर्थ' ही योजना रेस्पाइटसाठी होती, म्हणजे थोड्या दिवसांच्या निवासासाठी. 'घरौंदा' कायमच्या निवासासाठी, 'विकास' दिवसभराच्या केंद्रांसाठी आणि 'सहयोगी' काळजी घेणारी माणसं तयार करण्यासाठी. पुढे 'समर्थ' आणि 'घरौंदा' एकत्र झाल्या. शिवाय 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि त्यासाठी आधी मेडिकल टेस्ट लागत नाही. ही केंद्रं ट्रस्टकडे नोंदलेल्या स्वयंसेवी संस्था चालवतात. अडचण एकच, ती गल्लोगल्ली नाहीत. तुमच्या शहरात असलं तरी जागा मिळेलच असं नाही.

आपल्या पालकांनीही हातावर हात ठेवलेले नाहीत. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभारलं, ते 'आमच्यानंतर काय?' या प्रश्नातून. तो प्रश्न मोठाच आहे. पण 'आमच्यानंतर'च्या आधी एक 'आमच्या हयातीत' पण असतं ना? पुढच्या शनिवारी काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

ऑपरेशन ताई

तर आम्ही काय केलं? मोठं सेंटर सापडेना म्हणून छोटी टीम बांधली. भाच्याच्या शाळेतल्या बाईंनी दोन नावं सुचवली. एक, घरी येऊन सांभाळणाऱ्या मावशी. दुसरं, शहरातच एका पालकांनी सुरू केलेलं लहानसं डे केअर. ते रात्रीचं करत नव्हते, पण ओळख होऊ दे, मग बघू, म्हणाले. आणि तिसरी मी. महिन्यातला दुसरा शनिवार माझा. ऑफिसच्या कॅलेंडरवर मी तो 'बिझी' करून टाकला, रिपीट मंथली!

पहिल्या दोन शनिवारी ताई घरीच होती. माझी शिकवणी चालू होती. उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून. मुलाला अंगाशी घट्ट धरून उठायचं. भरवताना तो ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. एक घास गिळला हे बघून मगच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. फिट आली तर घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही! पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल.

मग आम्ही एक वही केली. वहीचं नाव 'मी असा आहे'. त्यात त्याची औषधं, वेळा, डॉक्टरांचा नंबर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'डावीकडे बघून पापण्या मिटल्या तर पाणी हवंय', 'मिक्सर लावण्याआधी मला सांगा', 'झोप येत नसेल तर रेल्वेची अनाउन्समेंट लावा'. ताईच्या डोक्यात नऊ वर्षं साठलेलं ज्ञान पहिल्यांदा कागदावर आलं. लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, "हे सगळं फक्त मलाच माहीत होतं गं. मला काही झालं असतं तर?"

तिसऱ्या शनिवारी ती बाहेर पडली. म्हणजे आम्ही तिला दाराबाहेर ढकललीच. कुठे गेली असेल? आईकडे जाऊन तीन तास झोपली! त्यातही दोन फोन. पुढच्या महिन्यात बँकेची कामं. त्याच्या पुढच्या महिन्यात भाचीबरोबर मिसळ. भाची बारा वर्षांची आहे. घरी आल्यावर ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "मावशी, आज आईने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं."

विशेष मुलांच्या भावंडांचा विचार आपण किती करतो? ती बिचारी लवकर शहाणी होतात. हट्ट करत नाहीत, गॅदरिंगला आई आली नाही तरी समजून घेतात. आईचा विसावा हा त्यांच्याही वाट्याची आई परत मिळण्याचा दिवस असतो.

आणि भाचेबुवा? त्यांना काय वाटलं? पहिल्यांदा डे केअरला गेले तेव्हा एक तास, ताई शेजारच्या खोलीत. दुसऱ्यांदा अर्धा दिवस. तिसऱ्यांदा जेवण आणि झोप. मग एक रात्र, ती डे केअरने आमच्या हट्टाखातर ठेवली, मावशी सोबत होत्या. ताई रात्रभर जागी. सकाळी बघतो तर साहेब मजेत! तिथल्या एका मुलाशी त्यांची दोस्ती झालेली. दोघंही बोलत नाहीत, पण एकमेकांकडे बघून हसतात. नऊ वर्षांत हा त्याचा पहिला स्वतःचा मित्र होता, आईने लावून न दिलेला. ब्रेक त्यालाही हवा होता की! चोवीस तास एकाच माणसासोबत राहायला तुम्हाला तरी आवडेल का?

मागच्या फेब्रुवारीत ताईचं ऑपरेशन झालं. तीन रात्री भाचा डे केअरमध्ये. नंतरचे सहा आठवडे सकाळी मावशी, संध्याकाळी भावोजी आणि शनिवार-रविवार आम्ही आळीपाळीने. ताई आता ठणठणीत आहे. दुसरा शनिवार चालूच आहे, कारण तो ऑपरेशनपुरता नव्हताच. भाचा वाढतोय. आज चोवीस किलो आहे, पाच-सहा वर्षांनी चाळीस होईल. तेव्हा त्याला उचलणारे हात आत्तापासूनच तयार करायला हवेत. एकाचे दोन, दोनाचे चार.

ऑफिसवाल्यांनो, तुम्ही पण!

केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलांना, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही, एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते, आणि मूल अपंग असेल तर त्याला वयाची अट नसते. हिमाचलमधल्या एका प्राध्यापिकेच्या केसमध्ये २०२४ साली सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला सांगितलं की अशा रजेच्या धोरणाचा फेरविचार करा. नोकरीत स्त्रियांचा सहभाग हा मेहेरबानीचा नाही, घटनेचा विषय आहे, असा त्यातला सूर होता.

प्रायव्हेटमध्ये काय? ज्याची त्याची पॉलिसी. पण पॉलिसी बदलायच्या आधीही खूप काही करता येतं. तुमच्या टीममध्ये असा एखादा बाबा किंवा आई असेलच, कदाचित त्यांनी सांगितलं नसेल. संध्याकाळी सहाचा कॉल चारला ठेवा. शिफ्ट बदलून घ्या. ऑफसाइटला 'तू येत नाहीस ना, मला माहितीये' असं परस्पर ठरवू नका, चार आठवडे आधी तारीख सांगा. त्यांना सुट्टीची नाही, तयारीची वेळ लागते. एचआरमध्ये असाल तर पाळणाघराच्या भत्त्यात मोठी पण विशेष मुलंही बसतात का, एवढं तपासून बघा.

चौकट : ठेवण्याआधी हे विचारा!

● रात्री किती माणसं जागी असतात? एका माणसामागे किती मुलं?

● फिट आली, ठसका लागला तर नक्की काय करतात? (उत्तर देताना अडखळले तर धन्यवाद म्हणून निघा.) जवळचं हॉस्पिटल कोणतं, गाडी आहे का?

● स्टाफची पोलिस पडताळणी झालीय का? आंघोळ आणि कपडे बदलणं कोण करतं?

● न सांगता भेटायला आलं तर चालेल का? 'नाही' म्हणाले तर आपणही नाही म्हणायचं.

● पहिल्याच फेरीत रात्र नको. एक तास, अर्धा दिवस, पूर्ण दिवस, मग एक रात्र, अशा पायऱ्या हव्यात.

● सोबत द्या : औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, यूडीआयडी कार्डाची प्रत, आवडतं पांघरूण आणि 'मी असा आहे' वही.

● मुलाला सांगा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. कुठे जातोय, कोण असेल, आई कधी येईल, हे फोटो दाखवून सांगा.

आता तुमची पाळी

प्रत्येक शहरात चांगली विसावा केंद्रं व्हायला हवीत, सरकारी पैसा यायला हवा, शाळांच्या इमारती मे महिन्यात उघड्या राहायला हव्यात. हे सगळं मागायलाच हवं. पण केंद्र उभं राहीपर्यंत शनिवार येतच राहणार. आणि तुमच्या ओळखीत असं एक घर आहे. चुलतबहीण असेल, कॉलेजचा मित्र असेल, खालच्या मजल्यावरचे काका-काकू असतील.

तुम्हाला नर्स व्हायचं नाहीये. सुरुवातीला तर मुलाला एकट्याने सांभाळायचंही नाहीये. एखादी आई आत झोपलेली असताना बाहेरच्या खोलीत मुलाशेजारी बसून राहणं, भावंडाला सिनेमाला नेणं, केमिस्टकडून औषधं आणणं, हाही विसावाच. फक्त दोन गोष्टी हव्यात. ठरलेली तारीख, आणि ती न चुकवणं. कारण भरवशाचे तीन तास हे बिनभरवशाच्या तीन दिवसांपेक्षा मोठे असतात. तुम्ही आयत्या वेळी 'सॉरी यार, आज नाही जमत' म्हणालात, तर पुढच्या वेळी ती आई तुमच्यावर विसंबून काही ठरवणारच नाही.

आणि प्लीज, "काही लागलं तर सांग हं" असा मेसेज नका पाठवू. नऊ वर्षांत माझ्या ताईला तो शेकडो लोकांनी पाठवला. तिने एकालाही काही सांगितलं नाही. दमलेल्या माणसाला मागायचीही ताकद उरत नाही.

त्यापेक्षा असं लिहा, "दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते सहा मी येतेय. त्याआधी मला काय काय शिकवशील?"